महिला गट, पाच किलोमीटर

रस्त्यावरची शर्यत म्हटलं की लोकांना शिट्टी, झेंडा आणि प्रमुख पाहुणे आठवतात. मला रबर बँड आठवतात. पाहुणे आले नाहीत तरी शर्यत होते. रबर बँड विसरले तर होत नाही.

ज्यांनी कधी शर्यत लावली नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या भागातली शर्यत जाऊन-येऊन असते. गावातून निघायचं, ठरलेल्या ठिकाणी वळायचं आणि त्याच रस्त्यानं परत यायचं. वळणावर आमचा माणूस रबर बँडचं पाकीट घेऊन उभा असतो. धावणाऱ्यानं त्याच्याकडून एक रबर घ्यायचं, मनगटात घालायचं आणि शेवटच्या रेषेवर मनगट दाखवायचं. मनगटात रबर नाही तर नंबर नाही. मोठ्या शहरांत बुटाला चिप लावतात म्हणे. आमच्याकडे ते काम रबर करतं.

मी मंगरूळपीरच्या एका शाळेत क्रीडाशिक्षिका आहे आणि आसेगावच्या युवक मंडळाची हिवाळी शर्यत बरीच वर्षं लावते आहे. मंडळ पत्रकं छापतं, मंडप टाकतं, पाहुणे बोलावतं. बाकीचं सगळं तांत्रिक समिती बघते. तांत्रिक समिती म्हणजे मी आणि राऊत सर. सर आमच्याच शाळेत भूगोल शिकवतात. म्हणून वळण त्यांच्याकडे.

मला याद्या करायची सवय आहे. शर्यतीची यादी मी डिसेंबरात काढते: रेषा आखायची फक्की, छातीवरचे नंबर, टाचण्या, ग्लुकोज, केळी, रुग्णवाहिका, आणि काम झालं की पुढे बरोबरची खूण. पहिल्या वर्षी ही यादी अर्ध्या पानाची होती. गेल्या हिवाळ्यापर्यंत ती अडीच पानांची झाली. वाढलेली प्रत्येक ओळ कुणाच्या तरी कृपेनं वाढली आहे.

'रबरांचा रंग सकाळी ठरवणे' ही ओळ एका मुलाची. तो आदल्या दिवशी दुकानातून तसलीच रबरं घेऊन आला, निघाल्यावर पहिल्याच तुरीच्या शेतात बसला आणि परत येणाऱ्यांच्या पुढे होऊन पहिला आला. त्याच्या अंगाला घाम नव्हता. विचारलं तर म्हणाला, थंडी आहे. 'झेंडे दोन' ही ओळ एका पाहुण्यांची. ते शर्यत संपल्यावर पोहोचले. केळी खाऊन झालेल्या मुलांना आम्ही पुन्हा रेषेवर उभं केलं, पाहुण्यांनी फोटोपुरता झेंडा दाखवला. सगळी मुलं कोपऱ्यावर थांबली, दोघं खरंच निघून गेली. एक ओळ नुसतीच 'कुत्रं' अशी आहे. गावातलं एक कुत्रं महिला गटाबरोबर पूर्ण अंतर धावलं आणि तिसरं आलं. त्याच्याकडे रबर नव्हतं, त्यामुळे वाद झाला नाही.

या सगळ्या ओळींपुढे दरवर्षी खूण होते. एक ओळ अलीकडे वाढली आहे, ती मयूरीची.

मयूरी आसेगावचीच. आई शेतमजुरीला जाते, वडील लहानपणीच गेले. ती आमच्या शाळेत होती तेव्हा मुलांच्या रांगेत उभी राहायची आणि तिचं नाव वेगळं होतं. ते जुन्या हजेरीत आहे, इथे त्याचं काम नाही. धावायची चांगली. दहावीनंतर ती अकोल्याला गेली, शिवणकाम शिकली, तिथल्या डॉक्टरांकडे तिचे उपचार सुरू झाले, आणि काही वर्षांनी ती साडी नेसून मयूरी म्हणून परत आली. मंगरूळपीरला तिनं ब्लाउज शिवायचं दुकान टाकलं. पहिले दोन महिने बायका दुकानासमोरून हळू चालत गेल्या. मग कुणीतरी धाडस करून एक ब्लाउज टाकला, तो अंगाला नीट बसला, आणि विषय संपला. आमच्या तालुक्यात ब्लाउज नीट शिवून देणाऱ्या माणसाला बाकी काही विचारत नाहीत.

तीन वर्षांपूर्वी ती शर्यतीचं नाव द्यायला आली. मी विचारलं, कोणता गट. तिनं ओळखपत्र टेबलावर ठेवलं. त्यावर महिला लिहिलं होतं. पत्रकावर आमचा गट होता 'खुला महिला गट, पाच किलोमीटर', आणि अट होती ओळखपत्राची. मी नंबर दिला. मंडळाचे अध्यक्ष गजाननभाऊ शेजारीच बसले होते. ते म्हणाले, "घ्या न मॅडम, गावातलीच पोरगी हाये. पळन थोडी." त्यांच्या आवाजात मोठेपणा होता. माझ्याही असावा.

आता वळणं समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. महिला गट गावातून निघून ओढ्याच्या रपट्यावरून, म्हणजे ठेंगण्या पुलावरून, वळतो. तिथे राऊत सर लाल रबरं घेऊन उभे असतात. पुरुष गट रपटा ओलांडून आणखी एक किलोमीटर पुढे, फाट्यावरून वळतो. तिथे मंडळाचा एक कार्यकर्ता हिरवी रबरं घेऊन असतो. महिला आधी सुटतात, पुरुष थोड्या वेळानं. रपट्यावर सरांना एकच काम: बायकांना थांबवून रबर द्यायचं, पुरुषांना हात करून पुढे पाठवायचं.

मयूरी रपट्यावर आली आणि सरांनी हात करून तिला पुढे पाठवलं.

सरांच्या मनात वाईट काही नव्हतं. त्यांनी तिला चार वर्षं भूगोल शिकवला होता, मुलांच्या बाकावर बसलेली असताना. समोरून ती येताना दिसली आणि हात आपोआप हलला, असं त्यांनी मला नंतर सांगितलं. ती न थांबता पुढे गेली. फाट्यावरच्या कार्यकर्त्याला वाटलं पुरुषांमधला पहिला आला. त्यानं टाळ्या वाजवून हिरवं रबर दिलं.

मी रेषेवर होते. मुली येत होत्या, लाल मनगटं दाखवत होत्या. बऱ्याच वेळानं मयूरी आली, हिरवं मनगट घेऊन. पाचच्या जागी सात किलोमीटर धावून. तिच्याही मागे चार मुली होत्या, त्यांतल्या दोघी ओढ्यावर फोटो काढायला थांबल्या होत्या. मी तिला विचारलं, रपट्यावर बोलली का नाहीस.

"सर म्हनले पुढं, मी गेली पुढं," ती म्हणाली. "तिथं उभी राहून भांडली असती तं शर्यत ऱ्हायली असती बाजूले आन् माहाच तमाशा झाला असता."

नियमाप्रमाणे लाल रबर नाही म्हणजे ती बाद. पण तो नियम कमी धावणाऱ्यांसाठी केलेला होता. जास्त धावणाऱ्याला बाद करण्याची तरतूद माझ्याकडे नव्हती. मी तिला जिथे आली तिथला नंबर दिला, शेवटून पाचवा.

मग बक्षीस समारंभ झाला. गजाननभाऊंनी तिला मंचावर बोलावून शाल आणि नारळ दिला. पहिल्या आलेल्या मुलीला शाल नव्हती. पाहुणे माणुसकीवर बोलले. लोकांनी टाळ्या वाजवल्या, बायकांनी जास्त वाजवल्या. तिला दोन किलोमीटर जास्त का धावावं लागलं हे कुणी मंचावरून सांगितलं नाही, पण गावात ते सगळ्यांना संध्याकाळपर्यंत कळलं. राऊत सरांची चेष्टा झाली. शर्यत चांगली झाली असं सगळ्यांचं मत पडलं.

पुढच्या वर्षी मयूरी पहिली आली.

या वेळी सरांनी रपट्यावर तिला लांबूनच ओळखलं आणि दोन पावलं पुढे येऊन लाल रबर हातात दिलं. ती रेषेवर आली तेव्हा रस्त्यावर मागे कुणी दिसत नव्हतं. टाळ्या सुरू झाल्या आणि मध्येच थांबल्या. मी इतकी वर्षं शर्यती लावते, पण मध्येच थांबलेल्या टाळ्या तेव्हाच पहिल्यांदा ऐकल्या. मग दुसरी मुलगी आली. ती पूजा.

पूजा मेडशीची. वडील माधवराव, सोयाबीन आणि तुरीचे शेतकरी. मुलगी कॉलेजला, वय एकोणीस. आधीची दोन वर्षं आमची शर्यत तिनंच जिंकली होती. सकाळी गावाबाहेरच्या रस्त्यावर ती एकटी धावते, वडील मोटरसायकलवर मागे राहतात, दिवा चालू ठेवून. त्या वर्षी पहिल्या नंबराला चषकाबरोबर आणखी एक गोष्ट होती. अमरावतीच्या एका क्रीडा मंडळानं आमच्या शर्यतीतल्या पहिल्या मुलीला आपल्या निवासी शिबिरात घ्यायचं कबूल केलं होतं. तिथे खरा ट्रॅक आहे, प्रशिक्षक आहेत, आणि तिथल्या मुली पुढे राज्याच्या संघात जातात. जागा एक होती. पूजानं सहा महिने त्या एका जागेसाठी तयारी केली होती. मयूरीनंही केली होती. फरक एवढाच की पूजाच्या मागे मोटरसायकल होती आणि मयूरी पहाटे दुकान उघडण्याआधी एकटीच धावायची.

आक्षेप लेखी द्यावा लागतो, निकालानंतर अर्ध्या तासात. माधवरावांनी दिला. मंडळ गावातल्या शाळेच्या एका वर्गात बसलं. गजाननभाऊ, मी, राऊत सर, माधवराव, पूजा आणि मयूरी. दार लावलं, पण खिडक्यांना गज होते आणि गजांना गाव होतं.

माधवरावांचं म्हणणं सरळ होतं. ही शर्यत बायकांची, आणि मयूरीचं शरीर बाईचं नाही. पुरावा काय, असं भाऊंनी विचारलं. माधवराव म्हणाले, पुरावा तुमच्याच मंडळाकडे आहे. मागच्या वर्षी ती पुरुषांचं अंतर धावली आणि तरी चार मुलींच्या पुढे आली. बाई असती तर आली असती का?

राऊत सरांनी खिडकीकडे पाहिलं. त्यांच्या एका हाताच्या हालचालीचा वर्षभरात पुरावा झाला होता. मी सांगितलं की त्या चारपैकी दोघी फोटो काढत होत्या. त्याचा फारसा उपयोग झाला नाही.

आता मला जे माहीत आहे ते इथे लिहिते, कारण त्या खोलीत मी ते पूर्ण बोलले नाही. वीस वर्षं मी मुलामुलींना धावताना पाहते आहे. सहावी-सातवीपर्यंत मुली मुलांना हरवतात, कधीकधी सहज हरवतात. आठवी-नववीत ते थांबतं. मुली आळशी होतात म्हणून नाही. मुलांची उंची वाढते, खांदे रुंद होतात, छाती भरते. म्हणूनच तर महिला गट वेगळा असतो. नसता तर माझ्या याद्यांमध्ये मुलींची नावं तळाशी असती आणि पूजा कुणाला माहीत झाली नसती. मयूरीचं शरीर त्या वाटेनं काही वर्षं चालून मग दुसरीकडे वळलं. औषधांनी जोर कमी होतो, ती स्वतः सांगते की आता पायरी चढतानाही पूर्वीसारखं वाटत नाही. पण किती कमी झाला आणि किती उरला, हे तिच्या डॉक्टरांनाही नेमकं सांगता आलं नाही. मी फोन करून विचारलं होतं. मोठ्या स्पर्धांच्या संघटनांनी आपापले नियम केले आहेत, ते बदलत असतात, आणि त्यांच्याकडे प्रयोगशाळा आहेत. माझ्याकडे रबर बँड होते.

तेवढ्यात खिडकीतून कुणीतरी म्हणालं, तपासणी करा. माधवरावांनी ते उचललं. म्हणाले, एखाद्या बाईकडून तपासून घ्या, म्हणजे मिटेल.

मी म्हणाले, "तपासणी होणार नाही. झालीच तर गटातल्या सगळ्या मुलींची होईल, आणि नावं मी नंबरानं घेईन. पहिला नंबर झाला की दुसरा."

माधवरावांना हिशोब कळायला थोडा वेळ लागला. पूजाला लगेच कळला.

"बाबा, खाली बसा," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "मॅडम, मी हरली ते मान्य हाये. ते माह्यापेक्षा जोरात पळली. पन मी बाईशी हरली का कोनाशी हरली, हे मले कोनी तं सांगा. सहा महिन्यानं आखीन एक अशी आली तं मी कायले पळू?"

या प्रश्नात चूक काहीच नव्हतं. उत्तर मी अजूनही शोधते आहे.

मग मयूरी उठली. तिच्या मनगटात लाल रबर तसंच होतं. ती माधवरावांशी बोलली नाही, गजाननभाऊंशी बोलली.

"भाऊ, मागच्या साली मी शेवटून पाचवी आली तं तुमी शाल देल्ली. औंदा पयली आली तं दार लावलं. मी तवाई हेच होती. तुमाले हरनारी मयूरी बाई म्हनून चालते, जितनारी चालत नाई. असं हाये तं पत्रकात लिवा."

गजाननभाऊ म्हणाले, "तसं नाई वं पोरी." मग त्यांनी पत्रक माझ्याकडे सरकवलं.

निर्णय माझ्याकडे आला, कारण बाकी कुणाला तो नको होता. मी एवढंच पाहिलं: पत्रकात काय छापलं होतं, ओळखपत्रावर काय होतं, आणि रबर कोणतं होतं. तिन्ही बरोबर होतं. शर्यत झाल्यावर नियम करता येत नाही. पुढच्या वर्षी हवा तो करा, या वर्षीचा निकाल हाच. आक्षेप फेटाळला. माधवराव उठून गेले. पूजा थांबली, दुसऱ्या नंबराचा चषक घेतला, मंचावर मयूरीशी हात मिळवला आणि खाली उतरल्यावर मांडवामागे जाऊन रडली. मयूरी मांडवासमोर बसून होती, ती रडली नाही. तिला कुणी शाल दिली नाही.

मी तिचं नाव अमरावतीला पाठवलं. तीन आठवड्यांनी उत्तर आलं, नम्र भाषेत. त्यांच्याकडे मुलींच्या शिबिरात जन्मानं मुली असलेल्यांनाच प्रवेश होता. त्यांचा नियम लेखी होता आणि आमच्या शर्यतीच्या आधीपासूनचा होता. ही चौकशी मी आधी करायला हवी होती, ती आता यादीत आहे. जागा दुसऱ्या नंबराला द्यायला त्यांची हरकत नव्हती.

पूजा शाळेत मला भेटायला आली. एकटीच आली. म्हणाली, लोक बोलतात की पहिल्या नंबराची जागा दुसरीनं खाल्ली. जाऊ की नको? मी म्हणाले, जा. जागा रिकामी राहिली तर ती मयूरीला मिळणार नाही. ती म्हणाली, हे तिला कोण सांगणार? मी म्हणाले, मी सांगितलं आहे.

मी खरंच सांगितलं होतं. दुकानात गेले, तर मयूरी कापड कापत होती. पत्र वाचून दाखवलं. तिनं कात्री खाली ठेवली नाही. रेघ पूर्ण होईपर्यंत कापत राहिली आणि मग विचारलं, पूजा जाणार का? मी म्हणाले, बहुतेक. ती म्हणाली, "जाऊ द्या. तिनं नाई गेल्यानं मी थोडी जाईन?"

शिबिराची ट्रॅकपँट पूजाला लांबीला जास्त झाली. ती कमी करायला तिनं मंगरूळपीरला टाकली, मयूरीकडेच. तालुक्यात दुसरं नीट करून देणारं कुणी नव्हतं. मयूरीनं ती वेळेवर दिली. पैसे घेतले.

त्यानंतरच्या वर्षी, म्हणजे गेल्या हिवाळ्यात, मंडळानं तोडगा काढला. 'तृतीयपंथी गट' असा तिसरा गट. जिल्ह्यात पहिलाच, असं भाऊंनी पत्रकात छापलं. कुणालाही न दुखावता प्रश्न सुटला, असं बैठकीत सगळे म्हणाले, आणि ठराव करून आम्ही चहा प्यायलो. मयूरीला कुणी विचारलं नव्हतं. मीच तिला सांगायला गेले. ती म्हणाली, "म्हंजे मी बाई बी नाई आन् मानूस बी नाई, असं ठरलं." मी म्हणाले, धावायचं तर हाच एक मार्ग आहे. तिनं दोन दिवस घेतले आणि नाव दिलं.

मी तयारी व्यवस्थित केली. तिसऱ्या गटाला पिवळी रबरं. छातीवरचे नंबर वेगळ्या रंगात. वेळ नोंदवायला वेगळा माणूस, वेगळं घड्याळ. पहिला, दुसरा, तिसरा असे तीन चषक. वाशीम आणि अकोल्याकडच्या काही जणींना फोन केले. एकीनं विचारलं, बघायला किती लोक येतात, आणि मी खरं सांगितल्यावर ती नको म्हणाली. दुसरी म्हणाली, येते, आणि आली नाही. गटात एक नाव राहिलं.

शर्यतीच्या सकाळी थंडी होती. पूजा शिबिरातून सुट्टी काढून आली होती, नव्या बुटांत. चाल बदलली होती, पाय हलका पडत होता. माधवराव मोटरसायकलसह रेषेच्या कडेला. मी महिला गटाला रेषेवर घेतलं आणि त्यांच्या मागे मयूरीला एकटीला उभं केलं, पिवळा नंबर लावून. दोन्ही गट एकदमच सोडायचे ठरले होते. राऊत सरांना रपट्यावर पाठवण्यासाठी मंडळाची मोटरसायकल चालू झाली. त्यांच्या एका हातात लाल पाकीट, दुसऱ्या हातात पिवळं. ते म्हणाले, "मॅडम, पिवळं कुठे द्यायचं? रपट्यावर की फाट्यावर?"

मी यादी काढली. अडीच पानं वरून खाली पाहिली. रबरांचा रंग होता, संख्या होती, पाकीट कुणाकडे हे होतं. तिसऱ्या गटानं वळायचं कुठून, हे नव्हतं. बैठकीत कुणी विचारलं नव्हतं. ठरावात अंतर लिहिलेलं नव्हतं. पाच की सात, हे ठरवायचं म्हणजे जे टाळण्यासाठी तिसरा गट केला तेच ठरवायचं.

मी गजाननभाऊंकडे पाहिलं. ते पाहुण्यांना फोन करत होते.

मयूरी मागून म्हणाली, "सांगा मॅडम. तुमी सांगान तिथून वळतो. मले दोन्ही रस्ते माईत हायेत."

ती टोमणा मारत नव्हती. तिला खरंच दोन्ही माहीत होते. पूजा रेषेवरून मागे वळली. "रपट्यावरून वळ," ती मयूरीला म्हणाली. "फाट्यावर गेली तं पुना मले कोनी सांगनार नाई."

"काय सांगनार नाई?" मयूरीनं विचारलं.

"वर्षभर तिथं जाऊन मी काय शिकली ते."

माधवराव काही बोलणार होते. पूजानं त्यांच्याकडे पाहिलं, ते मोटरसायकलचा आरसा पुसू लागले. मी सरांना म्हणाले, पिवळं रपट्यावर. झेंडा मीच दाखवला. पाहुणे अजून यायचे होते.

त्या परत आल्या तेव्हा दोघी एका नजरेत दिसत होत्या. मागच्या वेळी तसं नव्हतं. मयूरी पुढे होती. पूजा तिच्या मागे होती आणि अंतर कमी होत होतं. रेषा जिथे आहे तिथे होती म्हणून मयूरी पुढेच राहिली. थोडी लांब असती तर काय झालं असतं यावर आसेगावच्या चौकात अजून दोन मतं आहेत. टाळ्या या वेळी शेवटपर्यंत वाजल्या. कुणासाठी, हे मी विचारलं नाही.

माझ्या कागदांप्रमाणे दोघी पहिल्या आल्या. दोन गट, दोन याद्या, दोन घड्याळं. निकालात कुणी कुणाला हरवलं नाही. मंडळाला हेच हवं होतं, आणि ते बरोबर झालं.

पूजा गुडघ्यांवर हात ठेवून वाकली होती. श्वास जागेवर आल्यावर तिनं माझ्याकडे दोघींच्या वेळा मागितल्या. दुसऱ्या गटाची वेळ स्पर्धकाला द्यायची पद्धत नाही. मी दिल्या. तिनं त्या मयूरीला वाचून दाखवल्या, आधी तिची, मग स्वतःची.

"पुढल्या साली पाह्यतो तुले," पूजा म्हणाली.

"पाह्य न," मयूरी म्हणाली. "पन कोनत्या गटात पाह्यशीन, ते मॅडमले इचार."

दोघींनी माझ्याकडे पाहिलं. मी केळी वाटायला गेले.

तिसऱ्या गटाचे दुसरा आणि तिसरा चषक शाळेच्या कपाटात आहेत. या हिवाळ्याची यादी काढून झाली आहे. फक्की सांगितली, टाचण्या आल्या, रुग्णवाहिकेला पत्र गेलं. तीन पानं झाली. सगळ्यात वर मी या वेळी एक नवी ओळ लिहिली आहे: 'वळण ठरवणे.' मंडळाच्या दोन बैठका झाल्या आहेत. बाकी सगळ्या ओळींपुढे खूण आहे.